पोटाखालची जाळी

निसान ३७०झी ही स्पोर्ट्स कार घेतली की दोन सल्ले न मागता मिळतात. एक, क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरवर लक्ष ठेव. दोन, कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून टाक. पहिला सल्ला देणारा गंभीर असतो, कारण त्याचे पैसे गेलेले असतात. दुसरा देणाऱ्याचे डोळे चमकत असतात.

मला दुसरा सल्ला भाच्याने दिला. तो ह्यूस्टनला असतो. त्याच्याकडे हीच गाडी आहे, माझ्या गाडीहून नवी आणि कितीतरी जास्त बोलकी. "मामा, ३३२ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे आणि कंपनीने त्याचा गळा दाबून ठेवलाय," तो फोनवर म्हणाला. "सरळ टेस्ट पाइप लाव. तुला कॅलिफोर्नियाच्या नियमांची फारच भीती वाटत असेल तर निदान हाय-फ्लो कॅट तरी टाक." टेस्ट पाइप म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी बसणारी रिकामी नळी. हाय-फ्लो कॅट ही मधली वाट: आत जाळी असते, पण मोकळी, वायूला कमी अडवणारी.

मी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, फ्रीमाँटला राहतो. माझी गाडी २०१३ची, आधीच्या मालकाकडून घेतलेली, सहा गिअरची मॅन्युअल. तिला काही लावावं-काढावं असं माझ्या मनात नव्हतं. गाडी कारखान्यातून आली तशीच चालवणाऱ्यांचाही एक पंथ असतो, मी त्यातला. पण इंजिनचा पिवळा दिवा लागला, स्कॅनर लावला, तर पी०४३०. म्हणजे दुसऱ्या बँकेचा कॅट काम कमी करतोय. या गाडीच्या व्ही-सिक्स इंजिनला दोन बाजू, दोन्हीकडे वेगळा कॅट, त्यातला एक गेला. आता कॅट घेणं भाग होतं, आणि घ्यायचाच तर कुठला, हा प्रश्न भाच्याच्या सल्ल्यासकट समोर येऊन बसला.

बाजारात शिरण्याआधी एक काम करायला हवं आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. कॅट आपल्या मरणाने क्वचित मरतो, त्याला कुणीतरी मारतं. इंजिन तेल जाळत असेल तर तेलातलं फॉस्फरस जाळीवर साचत जातं. हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंट तिथवर पोचतं. एखाद्या सिलिंडरला ठिणगी नीट मिळत नसेल तर न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळते. मारेकरी मोकळा ठेवून नवा कॅट घातला तर त्याचाही बळी जाणार, मग तो हाय-फ्लो असो की लो.

माझा मेकॅनिक हेवर्डला आहे, मूळचा फिजीचा. हेवर्डच्या बाजूला फिजीतून आलेली बरीच कुटुंबं आहेत. त्याची हिंदी आमच्या शाळेतल्या हिंदीपेक्षा फार वेगळी, गोड आणि तुटक. मला तो भैया म्हणतो, मीही त्याला भैयाच म्हणतो. त्याने आधी लॅपटॉपवर दोन्ही बाजूंच्या मागच्या सेन्सरांचे आलेख लावले. प्रत्येक कॅटच्या पुढे एक सेन्सर असतो, मागे एक. मिश्रण कधी हवेकडे झुकतं, कधी पेट्रोलकडे. पुढचा सेन्सर ती हालचाल टिपत राहतो. कॅट धडधाकट असला तर त्यातलं सिरियमचं ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि कमी पडला की सोडतं, त्यामुळे ही हालचाल मागच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. तिथली रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहते. पहिल्या बँकेची रेघ तशीच होती. दुसऱ्या बँकेची वरखाली नाचत होती.

मग त्याने पुढचा सेन्सर काढला आणि त्या भोकातून कॅमेऱ्याची वायर आत सोडली. स्क्रीनवर जाळीचं तोंड दिसलं. चौकोनी घरं, ओळीत, राखाडी, एकसारखी. एका कडेला मात्र घरं विरघळून एकमेकांत गेलेली, तिथे काचेसारखी चकाकी आणि मधोमध नखाएवढं भगदाड. सिरॅमिक वितळायला १,४०० अंशांच्या पुढे जावं लागतं; तेवढी आग तिथे लागून गेली होती. भैयाने काही न बोलता बॉनेट उघडलं आणि त्या बाजूच्या एका इग्निशन कॉइलवर बोट ठेवलं. पाच कॉइल मूळच्या, धूळ खाल्लेल्या. सहावी वेगळ्याच कंपनीची, नवी. आधीच्या मालकाच्या हातात असताना ती गेली असणार आणि तो लुकलुकणाऱ्या दिव्यासकट बरेच दिवस गाडी हाकत राहिला असणार. पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर सवडीने बघता येतं; लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्यायची, कारण त्या क्षणी खाली कॅट भाजला जात असतो. गाडीच्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. गाडीचं पुस्तक वाचतो कोण!

म्हणजे मारेकरी आधीच पकडला गेला होता. आता खरेदी.

कॅटच्या जाहिरातीत एक आकडा ठळक असतो: जाळीच्या एका चौरस इंचात घरं किती. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत ४००, ६००, काहींत ९००. हाय-फ्लो म्हणून विकले जातात ते बहुधा २००चे, रेसच्या गाड्यांसाठी १००चेही मिळतात. भाच्याचा हिशेब सरळ: २०० म्हणजे ४००च्या निम्मं, म्हणजे वाट दुप्पट मोकळी. पण कागदावर मांडून बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. ४०० घरं म्हणजे इंचाला वीस, एक घर सव्वा मिलिमीटरचं. २०० म्हणजे इंचाला चौदा, एक घर १.८ मिलिमीटरचं. घरं निम्मी झाली तरी भिंतींचं एकूण क्षेत्रफळ निम्मं होत नाही, तीसेक टक्क्यांनी घटतं. आणि सगळं काम भिंतीवरच चालतं. भिंतीला ॲल्युमिनाचा खडबडीत लेप, त्या लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचे डोळ्यांना न दिसणारे कण. प्लॅटिनम आणि पॅलॅडियम कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळून टाकतात, ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून ऑक्सिजन सोडवून घेतं. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, या प्रमाणाच्या अगदी जवळ मिश्रण राहिलं तर तिन्ही कामं एकाच वेळी उरकतात. हे प्रमाण राखायलाच तर ते सेन्सर आणि तो संगणक.

तेव्हा २०० घरांचा कॅट मुळातच वाईट असं मी म्हणणार नाही. जाळी लांब ठेवली, धातू हात न आखडता घातला, तर तो चोख काम करतो. उलट ४०० घरांच्या स्वस्त कॅटमध्ये धातू नावापुरता असेल तर पी०४३० थोड्याच दिवसांत परत हजर. घनफुटाला किती ग्रॅम धातू, हा खरा आकडा, आणि नेमका तोच जाहिरातीत शोधून सापडत नाही. मार्च २०२१मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या घरात गेला होता. चोरटे रात्री प्रियसखाली शिरून करवतीने कॅट कापून नेत होते ते याच ग्रॅमांसाठी. पुढे भाव बराच उतरला, तरी ऱ्होडियम काही भाजी झालेलं नाही. आणि मला दाखवल्या गेलेल्या हाय-फ्लोच्या एका जोडीची किंमत चार-पाचशे डॉलर, टिग वेल्डिंगची सुबक नक्षी, चकचकीत स्टेनलेस स्टील, घरपोच मोफत. त्यात ऱ्होडियम किती असेल ते ज्याने त्याने ताडावं.

हाय-फ्लोच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यातल्या बऱ्याच जणांची जाळी सिरॅमिकची नसते. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा कागदाइतका पातळ पत्रा असतो, एक सपाट, एक नागमोडी, दोन्ही एकत्र गुंडाळलेले. ती लवकर तापते, धक्के सोसते, भिंती पातळ असल्यामुळे अडथळा कमी करते. टर्बोच्या गाडीला, ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएममध्ये चालणाऱ्या गाडीला तिचा उपयोग खरा आहे.

माझ्यासारख्याला काय मिळतं? दहा-बारा हॉर्सपॉवर दाखवणारे डायनोचे, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, कागद मी पाहिले आहेत, जास्त दाखवणारेही पाहिले. डायनोचा आकडा सकाळच्या गार हवेत एक येतो, दुपारी इंजिन तापल्यावर दुसरा, आणि पंखा कुठे ठेवला यावर तिसरा. फरक खरा धरला तरी तो जाणवणार सहा-सात हजार आरपीएमच्या पुढे. ही गाडी साडेसात हजारांपर्यंत आनंदाने जाते, पण सकाळी साडेआठला आय-८८० हायवेवर ती दीड हजारावर पुढच्या ट्रकचं मडगार्ड बघत उभी असते. तिथे हे दहा हॉर्सपॉवर खर्च कुठे करायचे? ट्रॅकवर जाऊन करावेत म्हटलं तर आमच्या जवळचा ट्रॅक लागुना सेका, आणि तिथे बहुतेक दिवशी आवाजाची मर्यादा अशी की मोकळ्या सायलेन्सरवाल्याला घरी पाठवतात.

आणि कॅट मोकळा करणारे बरेचसे लोक आवाजासाठी करतात, नाव मात्र हॉर्सपॉवरचं सांगतात. यात मी त्यांना हसणार नाही. इंजिनचा आवाज आवडणं हा गुन्हा नाही, मी स्वतः बोगद्यात काच खाली करतो. पण या निसानच्या व्ही-सिक्सचा एक खोडकर स्वभाव आहे. त्याचा मूळ आवाज जाड आणि भरीव. जाळी विरळ केली की तीन-साडेतीन हजारांच्या आसपास त्याला खरखर सुटते. वरंध घाटात एसटीच्या सैल काचा वाजाव्यात तशी. ती घालवायला मग रेझोनेटर, मग वेगळा वाय-पाइप, मग सायलेन्सर. एक कॅट काढण्यापायी मागचं सगळं बदलत जाणारे लोक मला माहीत आहेत, त्यांतला एक नात्यातला आहे.

कॅट ही पर्यावरणवाल्यांनी गाडीवाल्यांवर लादलेली गोष्ट, असा भाच्याचा सूर असतो. गंमत अशी की ज्याने हा प्रकार शोधला तो स्वतः रेसचा वेडा होता. यूजीन हूद्री, फ्रेंच इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात होता. पुढे बुगाटी चालवायचा, त्या काळात इंडियानापोलिसची शर्यत बघायला अमेरिकेत येऊन गेला. चांगल्या पेट्रोलच्या शोधात त्याने उत्प्रेरक वापरून कच्चं तेल मोडण्याची रीत बसवली, आणि उतारवयात अमेरिकेत राहून गाडीच्या धुरासाठी उत्प्रेरकाची नळी बनवली. १९५०च्या दशकात पेटंटही मिळालं. पण ती चालली नाही, कारण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिशाचा थर बसला की प्लॅटिनम मेलं. १९६२ मध्ये हूद्री गेला. अमेरिकन गाड्यांना सरसकट कॅट लागले ते १९७५च्या मॉडेलपासून, बिनशिशाचं पेट्रोल पंपावर आल्यानंतर.

शिशाचा हा तिढा आपल्याकडेही होता. १ एप्रिल १९९५पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. काकांनी दादरला मारुती ८०० घेतली ती त्याच सुमाराची. मुंबईत अनलेडेड मिळायचं. प्रश्न गुहागरला जाताना यायचा. महाड सुटलं की काका प्रत्येक पंपावर उतरून विचारत, आणि काकू गाडीतूनच ओरडत, "अहो, नाही म्हणतोय ना तो, चला आता." शेवटी त्यांच्या गॅरेजवाल्याने उपाय काढला. पहारीने आतली जाळी फोडून बाहेर ओतली आणि डबा तसाच परत लावला. पीयूसीवाला आयडलला नळी घालून बघायचा आणि पावती फाडायचा. २००० मध्ये देशभर अनलेडेड आलं तेव्हा काकांच्या गाडीचा डबा रिकामाच होता, तो रिकामाच भंगारात गेला. काकांना निदान पेट्रोल मिळत नव्हतं. भाच्याला सगळं मिळतं.

त्याचा नेहमीचा मुद्दा, एका गाडीने काय होतंय? मी नेमका तोच हिशेब एकदा करून दाखवला. गरम झालेला चांगला कॅट इंजिनमधून निघालेल्या विषारी वायूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संपवतो. म्हणजे कॅट नसलेली एक गाडी कॅट असलेल्या दहा गाड्यांपेक्षा जास्त ओकते. तो म्हणाला, "मामा, मला तर काहीच वास येत नाही." येणार कसा? तो पुढे असतो.

ह्यूस्टनला गेलो तेव्हा हे अनुभवून झालं. ३७०झी दोन माणसांची, म्हणून ताई त्याच्या गाडीत आणि आम्ही दोघं भाड्याच्या कोरोलात त्याच्या मागे, केटीहून गावात जेवायला. एप्रिल होता, काचा खाली होत्या. पहिल्या सिग्नलला वास आला तेव्हा मला वाटलं बाजूला जुना ट्रक आहे. दुसऱ्या सिग्नलला बायकोने नाकाला ओढणी लावली. डोळ्यांच्या कोपऱ्यात चुरचुर, घशात पेट्रोलची चव, थेट १९८८ सालचं स्वारगेट. एसी रीसर्क्युलेशनवर टाकून आम्ही दोन गाड्या मागे राहिलो. हॉटेलच्या दारात ताई उतरली आणि पदर झटकत म्हणाली, "याच्या गाडीतून आलं की मला केस धुवावे लागतात. सांगते तर म्हणतो, आई, ही स्पोर्ट्स कार आहे." भाचा हसला. त्या क्षणी मला हाय-फ्लोच्या चर्चेतलं एक गाळलेलं पात्र सापडलं: मागच्या गाडीतला माणूस. डायनोचे आकडे, आवाजाची क्लिप, वेल्डिंगचे फोटो, सगळं गाडीत बसलेल्याच्या बाजूचं. मागच्याला कुणी विचारत नाही.

कॅलिफोर्निया विचारतं, आणि त्याला कारण आहे. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर असा धुरकट पडदा पडला की जपान्यांनी गॅसहल्ला केला असं लोकांना वाटलं. हा धूर कशाचा ते कळायला पुढची काही वर्षं गेली. ते शोधलं कॅलटेकच्या एरी हागेन-स्मिट यांनी. मूळचे डच, रसायनशास्त्रज्ञ, आणि तेव्हा अभ्यास करत होते अननसाच्या वासाचा. अननसाची वाफ गोळा करायच्या त्याच पद्धतीने त्यांनी पॅसाडेनाची हवा गोठवून बघितली, आणि गाड्या व रिफायनऱ्यांतून येणारे वायू उन्हात शिजून हा धूर होतो हे दाखवलं. तेल कंपन्यांना ते रुचलं नाही. १९६७ मध्ये राज्याने हवेसाठी वेगळं मंडळ केलं, त्याचे पहिले अध्यक्ष हेच. आज कॅलिफोर्नियात कॅट विकायचा तर याच मंडळाचा हुकूमनामा लागतो, 'डी'ने सुरू होणारा एक क्रमांक, आणि तो कॅटच्या कवचावर कोरलेला असावा लागतो. न्यूयॉर्क, मेन, कोलोरॅडो यांनीही हेच नियम उचलले आहेत.

नियम वाचायला बसलो तेव्हा हाय-फ्लोचा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटला. केंद्राचा कायदा असा की कंपनीचा कॅट वॉरंटीत असेल, म्हणजे ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांच्या आत, तर त्याला हात लावायचा नाही, कंपनीकडून बदलून घ्यायचा. वॉरंटी संपली असली तरी चालू असलेला कॅट काढून दुसरा लावायचा नाही; मेलेलाच बदलायचा. माझा पहिल्या बँकेचा कॅट ठणठणीत होता. म्हणजे जोडी घ्यायचा प्रश्नच नव्हता. आणि एका बाजूला २०० घरं, दुसऱ्या बाजूला कंपनीची दाट जाळी, असं करणं म्हणजे मेहनतीने बिघाड विकत घेणं. राहिली मागच्या सेन्सरला लावायची फिरकी. हाय-फ्लोबरोबर ती बरेच जण देतात. मागच्या सेन्सरखाली एक लांब नट बसवून त्याला वायूच्या प्रवाहातून बाहेर ओढायचं, म्हणजे तो शांत रेघ दाखवतो आणि दिवा लागत नाही. कॅट तसाच अर्धवट, फक्त साक्षीदार गप्प. तेही बेकायदेशीर आहेच. जुलै २०२१पासून इथल्या तपासणीत संगणकातलं सॉफ्टवेअर बदललंय का हेही बघतात, त्यामुळे ट्यून करून कोड बंद करण्याचीही सोय उरलेली नाही.

मग दोनच पर्याय: कंपनीचा कॅट, ज्याचा भाव हजार डॉलरच्या बराच वर सांगितला गेला, किंवा हुकूमनामा असलेला बाहेरचा, त्याच्या साधारण निम्म्यात. बाहेरचा घेताना बॉनेटखालच्या स्टिकरवरचा टेस्ट ग्रूपचा लांबलचक क्रमांक जुळावा लागतो. गाडीचं नाव आणि साल जुळून भागत नाही, कारण त्याच सालच्या दोन ३७०झी वेगळ्या प्रमाणपत्रावर विकलेल्या असू शकतात. कॅलिफोर्नियाच्या मंजुरीच्या कॅटला ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची हमी द्यावी लागते. इतर राज्यांत चालणाऱ्या स्वस्त कॅटला कवचाची तेवढीच, पण आतल्या कामाची फक्त २५,००० मैलांची. धातूचे ग्रॅम कुणी सांगत नाही, पण हमीचे मैल सांगावे लागतात, आणि मैलांवरून ग्रॅमांचा अंदाज येतो. मी बाहेरचा घेतला.

खोकं आलं तेव्हा तो बसवायच्या आधी जेवणाच्या टेबलावर घेऊन बसलो. बायकोने खाली पेपर अंथरायला लावला. तोंडातून टॉर्च मारली, शिवणाची टेप लावली आणि घरं मोजली: इंचाला वीस. म्हणजे ४००. नंतर जुना बाहेर निघाल्यावर त्याच्यावरही टेप धरली, तर त्याची शाबूत घरं इतकी बारीक की मोजताना ओळ चुकायची. थोडक्यात, मंजुरीचा, निमूट, राखाडी कॅट मूळच्यापेक्षा जरा मोकळाच निघाला. भाच्याला कळवलं, तुझं ऐकलं बघ. त्याने डोळे फिरवणारी बाहुली पाठवली.

बसवताना भैयाचा अर्धा दिवस नटांनी खाल्ला. दहा वर्षं तापून-निवून मॅनिफोल्डच्या खालचे नट आणि स्टड एकजीव झालेले. आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवलेलं, तरी दोन नटांना गॅसची ज्योत दाखवावी लागली. गॅस्केट नवीन, स्टड नवीन, सेन्सरच्या आट्यांना, पुढे अडकू नयेत म्हणून, अँटी-सीझचा लेप, पण टोकाला चुकूनही नाही. पहिल्यांदा गाडी सुरू केल्यावर थोडा धूर आणि जळका वास येतो, तो जाळीभोवतीच्या गादीचा, घाबरायचं नाही. जुना कॅट मी मागितला तर म्हणाला, भैया, अभी नहीं. काढलेला कॅट चिठ्ठी बांधून पंधरा दिवस राखून ठेवायचा नियम आहे. २०२२च्या कायद्यानंतर इथे कॅट भंगारात विकायलाही मालकीचा कागद दाखवावा लागतो.

स्मॉगच्या, म्हणजे धुराच्या, तपासणीआधी कॅटचा मॉनिटर, म्हणजे गाडीचा संगणक स्वतःच घेतो ती कॅटची चाचणी, पूर्ण झालेला लागतो. त्यासाठी गाडी एकसारख्या वेगाने बराच वेळ चालवावी लागते, आणि बे एरियात तसा रस्ता सापडणं हेच अवघड काम. रविवारी पहाटे आय-६८०वरून सुनोल ओलांडून पुढे गेलो आणि क्रूझ लावून पाचव्या गिअरात बसून राहिलो. पूर्ण झाला.

तपासणीवाला तरुण होता. संगणक लावून झाल्यावर तो लांब दांड्याचा आरसा आणि टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला. कॅट नवा दिसल्यावर त्याचा आवाज बदलला. ३७०झीखाली नवा कॅट म्हणजे त्याच्या अनुभवात भानगड. कवचावर दोन क्रमांक होते: एक कंपनीने कोरलेला हुकूमनाम्याचा, दुसरा मी चोरांच्या भीतीने भैयाकडून कोरून घेतलेला गाडीचा ओळखक्रमांक, व्हीआयएन. त्याने आधी व्हीआयएनच वाचायला सुरुवात केली, यादीत तो सापडेना, परत वाचला. मी म्हटलं, डावीकडचा. मग त्याने 'डी'पासून एकेक आकडा मोठ्याने म्हणत टंकला, पडद्याकडे पाहिलं, प्रिंटरची कळ दाबली आणि सायलेन्सरही बदलणार आहात का असं विचारलं. कॅटच्या मागचं काहीही बदलायला इथे हरकत नाही, ९५ डेसिबलच्या आत राहिलं की झालं. बोगदे मला आवडतातच. मी म्हटलं, बघतोय.